लाल खुंटी पाचवर

रविवार, ५ डिसेंबर १९९३

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी मीरा रोडला पंढरीनाथकाकांच्या घरी, बाथरूमबाहेर स्टुलावर उभा राहून भिंतीत तिसरं भोक पाडत होतो. वेळ मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण माझ्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम तेव्हा सुरू झालं. मास्तरांचं मोटार वाइंडिंगचं दुकान गेल्या महिन्यात बंद झालं आणि ते गावी गेले. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. आता चूक झाली तर ती माझी. 'मास्तर, जरा बघता का' म्हणायला कोणी नाही.

काम असं. काकांची मुलगी सुचेताताई इंग्लंडात असते. तिकडे घर गरम ठेवायला भट्टी असते आणि भट्टीतलं गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरतं. ती भट्टी सकाळी आपोआप चालू करणारं आणि नंतर बंद करणारं एक घड्याळ असतं. ताईंनी आपल्या घरी नवीन बसवलं आणि जुनं, पण धडधाकट, आईवडिलांना पाठवलं. सोबत गिझरचे पैसे. आईने आता पहाटे उठून बंब पेटवायचा नाही, तिची बोटं सुजतात, असं बजावलंय. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "बोटं माझी आणि काळजी तिला."

घड्याळ देखणं आहे. बशीएवढी तबकडी, तिच्यावर चोवीस तास आणि कडेला दोन खुंट्या. लाल खुंटी लावाल त्या वेळेला चालू, निळी लावाल त्या वेळेला बंद. काका-काकूंची आंघोळ साडेपाचला असते. लाल खुंटी पहाटे पाचवर लावली, निळी पावणेसहावर.

तारांचे रंग मात्र आपल्यासारखे नाहीत. तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. आपल्याकडे लाल, काळी, हिरवी. टेस्टर लावून तीनदा खात्री केली. काका म्हणाले, "अरे लवू, मुलगी बघायला आलायस का? किती वेळा बघशील?" म्हटलं, "काका, चौथ्यांदा तुम्हाला दाखवायला बघतो."

निघताना गॅलरीतला बंब पाहिला. तांब्याचा, पितळी तोटीचा, चिंचेने घासून लख्ख केलेला. गिरगावच्या चाळीतून इथे येताना काकांनी टेम्पोत पुढे मांडीवर घेऊन आणला म्हणे. काकूंनी त्याच्यावर फडकं टाकलं, पोपटाचा पिंजरा झाकतात तसं.

बुधवार, ८ डिसेंबर

आज अक्षर वाईट आलंय.

ईश्वरभाईंच्या दुकानात काकांचा फोन आला. (माझे निरोप तिथेच येतात. स्टेशनजवळ त्यांचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे.) घड्याळातून जळका वास येत होता आणि निळी खुंटी उलटून गेली तरी गिझर बंद होत नव्हता. काकूंनी मेन स्विच पाडला म्हणून बरं. उघडून पाहिलं तर आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेले.

घड्याळ घेऊन ईश्वरभाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मागची पट्टी वाचली आणि हसायलाच लागले.

"लवू, ये तीन अँपियरका है. तुझा गिझर नऊ अँपियर खातो."

"पण भाई, हे अख्खं घर तापवतं ना तिकडे?"

"अरे, घर गॅस तापवते! भट्टीमधी गॅस जळते. घड्याळ फक्त बोलते, 'ऊठ, टाइम झाला.' तू तर त्याच्याच डोक्यावर गोणी ठेवली."

तीच माझी चूक. ज्याने अख्खं घर तापतं त्याला एक गिझर काय जड, असं मी धरून चाललो. पट्टी मी वाचली होती. आकडाही दिसला होता. पण परदेशातले तीन अँपियर आपल्यापेक्षा मोठे असतील, असं काहीतरी मनात आलं. हे कोणाला सांगणार नाही.

आज काकांकडे बंब पेटला. गॅलरीतून धूर वर जात होता. वरच्या मजल्यावरच्या ममताबाई ओरडल्या, "काकू, फिर से? मेरी चादर!"

शनिवार, ११ डिसेंबर

पॉइंट पॉलिश पेपरने घासून साफ केले. ईश्वरभाईंच्या सांगण्यावरून मध्ये कॉन्टॅक्टर घातला. म्हणजे आता घड्याळ फक्त हुकूम देतं आणि गिझरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. चालू होताना खटाक आवाज येतो. कॉन्टॅक्टरचे पैसे माझ्या खिशातून, कारण चूक माझी. काकांना वाटलं तो आधीपासूनच हिशेबात होता. वाटू दिलं.

काम चालू असताना सोसायटीचे सेक्रेटरी केळसकरसाहेब बघायला आले. हात मागे बांधून सगळं न्याहाळलं. खाली नोटीस लागलीय की गॅलरीत बंब, शेगडी पेटवू नये. (नोटिशीत 'धुर' ऱ्हस्व लिहिलाय. पेन्सिलीने दुरुस्त करावासा वाटला. केला नाही.) साहेब काकांना म्हणाले, "गिझर येईपर्यंत मी थांबलो, काका. आता आला. हा नीट चालला की बंब हलवायचा. ममताबाई रोज माझ्या दारात उभ्या असतात."

"चालला की हलवतो," काका म्हणाले.

मग साहेब माझ्याकडे वळले. "तीन विंगचे पंप वॉचमन चालू करतो आणि झोपतो. टाकी भरून वाहते, इकडे टँकरचे पैसे आम्ही भरतो. असंच टायमर तिन्ही पंपांना लागेल?"

"लागेल," मी म्हटलं. आवाज चिरकला.

"मग हे महिनाभर बिनतक्रार चालवून दाखव. पंप तुझे. वर्षाची देखभालही तुझी."

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई म्हणाली, "मामा तारापूरच्या कारखान्यात लावतो म्हणतोय ते? जानेवारी संपेस्तोवर सांगायला हवं त्याला." म्हटलं, "महिनाभर थांब." आईने अंगणातल्या चुलीवर पातेलं चढवलं आणि धुराने डोळे पुसत बसली.

मंगळवार, १४ डिसेंबर

पहाटे पावणेपाचला काशीगावातल्या घरून सायकलने निघालो आणि बघायला गेलो. झोप लागतच नव्हती. पाच वाजता खटाक. सव्वापाचला पाणी कढत. मनात म्हटलं, जमलं.

घरात सगळं शांत. काका हॉलमध्ये कालचाच पेपर घेऊन बसले होते, काकू आत देवापाशी. कोणाला काही करावं लागलं नाही, कोणी काही बोललंही नाही. काकूंनी चहा दिला. काकांचा हॉलमध्ये नेऊन ठेवला, स्वतःचा आत घेऊन गेल्या. यंत्राने दोघांनाही मोकळं केलं असं मला वाटलं.

शुक्रवार, १७ डिसेंबर

केस उपटावेसे वाटतायत. लाल खुंटी पहाटे पाचऐवजी संध्याकाळी पाचवर! तबकडी चोवीस तासांची असल्याने दोन पाच येतात. पण मी पहाटेच्या पाचवर लावली होती, याबद्दल मला खात्री होती. आता खात्री नाही. बाकीचे दिवस बरोबर चाललं, मग खुंटी सरकली कशी? कारण सापडत नाही. कंपनाने? कॉन्टॅक्टरच्या खटक्याने?

गेलो तेव्हा बंब पेटलेला. काका नारळाच्या करवंट्या फोडून आत टाकत होते आणि काकू पाटावर बसून त्यांना कशा टाकायच्या ते शिकवत होत्या.

"चाळीस वर्षं बघताय, अजून करवंटी उताणी टाकता!"

"मग तू टाक."

"माझ्या बोटांना मनाई आहे. विलायतेहून हुकूम आलाय."

दोघं हसत होती. चहाचे दोन कप जमिनीवर शेजारीशेजारी. मला तिसरा दिला. मी सारखी क्षमा मागत होतो. काकू म्हणाल्या, "असू दे रे. बस जरा, शेक घे." मग गिरगावचं सांगू लागल्या. दोन खोल्यांत अकरा माणसं, सासूबाई, दीर, नणंदा. लग्न होऊन आल्यावर पहिलं वर्षभर नवऱ्याशी बोलायला जागाच नव्हती. "पहाटे सगळे झोपलेले असताना बंब पेटवायला मी गॅलरीत यायची. मग ह्यांनाही तेव्हाच दात घासायचे असायचे."

"थंडीत दात लवकर किडतात," काका गंभीरपणे म्हणाले.

यावर काकूंना एवढं हसू का आलं ते कळलं नाही. खुंटी पाचवर लावली. पहाटेच्या. काकांना दाखवून.

गुरुवार, २३ डिसेंबर

लाल खुंटी जागेवर नाही. तबकडीवरून गायब! मी जमिनीवर पालथा पडून कपाटाखाली, मोरीत, पायपुसण्यात शोधली. शेवटी काकांनी पेपर वाचायला चष्म्याचं घर उघडलं तर ती आत.

काका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उंदीर."

"चष्म्याच्या घरात?"

"अरे, इथले उंदीर फार वस्ताद. लाल रंग दिसला की उचलतात."

घड्याळाच्या पेटीला खालून बोटभर फट आहे खरी. तिथे जाळी ठोकली. ईश्वरभाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उंदीरला चष्मा लागला असेल." त्यांना प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते.

बंब आज पेटलेलाच होता. ऊब चांगली लागते त्याची. लहानपणी आम्ही गावी असताना बाबा मुंबईहून शिमग्याला घरी यायचे तेव्हा आई अंगणात तीन दगडांवर हंडा चढवायची आणि बाबा लाकूड सारत बसायचे. मी गोधडीतून बघायचो. ते काय बोलायचे ते ऐकू येत नसे. आई मात्र तेव्हा जशी हसायची तशी बाबा गेल्यावर हसलेली मला आठवत नाही. हे इथे का लिहिलं कोण जाणे. यंत्राशी त्याचा संबंध नाही.

बुधवार, २९ डिसेंबर

खुंट्या दोन्ही जागेवर. घड्याळ चालू. तरी गिझर बंद. दीड तास तारा तपासल्या. शेवटी पाहिलं तर फ्यूजच काढलेला. कुठे गेला? काका खरोखरच चकित झालेले दिसले. "मी नाही रे हात लावला," ते दोनदा म्हणाले. त्यांच्यावर संशय कोणी घेतला होता?

काकूंनी माझ्यासाठी पोहे करायला मसाल्याचा डबा उघडला. मोहरीच्या वाटीत फ्यूज!

काका डब्याकडे बघत होते, मग काकूंकडे. काकू पोहे धुवायला लागल्या.

"उंदीर," काका म्हणाले.

"घरभर झालेत," काकू म्हणाल्या.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं त्यांना माझी दया येत असावी. फ्यूज बसवला, झाकणाला स्क्रू मारला. अजून पंधरवडाही बिनतक्रार झालेला नाही.

शनिवार, १ जानेवारी १९९४

वर्षाची सुरुवात वाईट झाली.

ममताबाईंच्या धुतलेल्या पडद्यांवर काजळी पडली, त्यामुळे केळसकरसाहेब काकांच्या घरी आले. मी तिथेच होतो, नेहमीप्रमाणे तपासत. आज दोन्ही खुंट्या नव्हत्या.

"काका, गिझर बसून महिना होत आला. अजून बंब?"

"यंत्र बिघडतंय हो. लवू येतोय ना रोज."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रोज येतोस म्हणजे रोज बिघडतंय. एक गिझर सांभाळता येत नाही, तीन पंप काय सांभाळणार? मी भाईंदरच्या माणसाला सांगतो."

ते गेल्यावर मी अवजारं पिशवीत भरली. काकू म्हणाल्या, "दुसरं काम मिळेल रे." म्हटलं, "नाही काकू. मी तारापूरला जातोय. मामा कारखान्यात लावणार आहे. नववी नापास माणसाला कोण काम देणार? मला वाटलं होतं हे काम माझ्या हाताला येतं. येत नाही. बारा वेळा तपासलं तरी कुठे चुकतंय ते मला सापडत नाही."

"आणि आई?" काकांनी विचारलं.

"आई इथेच. तिथे खोली नाही."

गॅलरीत बंबातला एक निखारा फुटला. काका उठून तिकडे गेले आणि पाठमोरे उभे राहिले. काकूंच्या हातात उलथनं होतं ते तसंच राहिलं.

दारापर्यंत पोचलो तेव्हा काकांनी हाक मारली. "लवू, मला महिना दे. म्हणजे तू महिना घे. केळसकरला मी सांगतो. तारापूर पळून जात नाही." मग हात पुढे केला. दोन्ही खुंट्या त्यांच्या तळव्यात होत्या. "ह्या आत्ता सापडल्या. लाव परत."

शनिवार, ८ जानेवारी

एकही फोन नाही. न राहवून स्वतः गेलो. सोमवारपासून रोज पाचला खटाक, पावणेसहाला बंद. मी काहीही वेगळं केलेलं नाही. तेच घड्याळ, त्याच तारा. हे मला जास्त घाबरवतं. बिघडलं का ते कळलं नव्हतं, सुधारलं का तेही कळत नाही.

गुरुवारी तासभर लाइट गेली होती. लाइट गेली की घड्याळही थांबतं आणि तेवढं मागे पडतं. काकांनी स्वतः तबकडी फिरवून वेळ जुळवली. "उजवीकडे फिरवली, बरोबर ना?" शाळेतल्या मुलासारखं विचारलं. बरोबर होतं.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. काकूंनी तिळगूळ दिला. केळसकरसाहेबही आले होते. काका त्यांना म्हणाले, "बारा दिवस झाले, एक तक्रार नाही. चूक पोराची नव्हती, घरातल्या उंदरांची होती. पिंजरा लावला."

"सापडले?"

"दोन. म्हातारे होते," काकू म्हणाल्या.

बंब पुसून गॅलरीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून ठेवलाय. घर स्वच्छ, काजळी नाही. सकाळी गॅलरीत कोणी बसत नाही. काका उठायलाही उशीर करतात आता, साडेसहा. काकू म्हणाल्या, "पाणी तापलेलं असतंच. मग लवकर उठून करायचं काय?" म्हटलं, "लाल खुंटी सहावर लावू का?" काकू म्हणाल्या, "कुठेही लाव रे."

मंगळवार, २५ जानेवारी

पंप मिळाले! तिन्ही विंगचे, महिना पुरा व्हायच्या आधीच. केळसकरसाहेबांनी आगाऊ रक्कम दिली. तारापूरच्या मामाला पोस्टकार्ड टाकलं. या वेळी माल घेताना मागच्या पट्टीवरचे अँपियर मी ईश्वरभाईंना मोठ्याने वाचून दाखवले. "पास झाला," ते म्हणाले.

काकांना सांगायला धावत जिने चढलो. काकूंनी साखर हातावर ठेवली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला अवघडल्यासारखं झालं. एवढ्याशा कामाचं त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं होतं.

मजुरीचा विषय निघाला. काकांनी ठरलेले पैसे दिले आणि बंबाकडे बोट दाखवलं. "हा पण ने."

"काका! तांब्याचा आहे. भंगारवालासुद्धा..."

"भंगारवाल्याला द्यायचा असता तर गिरगावातच दिला असता. काशीगावात तुमचं अंगण आहे ना? धूर झाला तर कोणी नोटीस लावणार नाही. तुझी आई चुलीवरचं पातेलं उतरवताना हात भाजून घेते म्हणालास."

"मग किंमत सांगा. फुकट नेणार नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आधी तोटी गळते का बघा. तोटी गळत असेल तर काय किंमत लावणार? आम्ही येऊन बघू."

रिक्षात बंब मांडीवर घेऊन बसलो.

रविवार, ३० जानेवारी

सकाळी सहाला अंगणात रिक्षा थांबली. मी बंबात लाकडं घालत होतो. बघतो तर काका, कानटोपी घातलेले, आणि मागून काकू, शालीत, हातात करवंट्यांची पिशवी.

"तोटी बघायला आलो," काका म्हणाले.

"एवढ्या पहाटे?"

"पाणी तापताना गळतेय का तेच बघायचं असतं," काकू म्हणाल्या. मला हे माहीत नव्हतं.

आईने पाट टाकले. ती संकोचली होती, पण काकूंनी तिच्या हातातली करवंटी घेतली आणि "अगं, उताणी नको" म्हणाल्या, तशी आई हसली. बाबांचं धोतर एकदा हंड्याच्या जाळावर कसं पेटलं होतं, ते तिने सांगितलं. मी ते कधीच ऐकलं नव्हतं. मला वाटायचं ती बाबांचं बोलत नाही. काका-काकू शेजारीशेजारी बसले होते. काकांनी काकूंची बोटं आपल्या हातात घेऊन बंबाजवळ धरली होती. शेकायला असावीत. पाणी केव्हाच उकळलं होतं, पण आंघोळीला उठायचं कोणाच्या मनात दिसलं नाही. ऊन अंगणात आलं तरी बसलो होतो.

तोटी मी तीनदा तपासली. गळत नाही. तसं काकांना सांगितलं. ते म्हणाले, एका दिवसात कळत नाही, पुन्हा बघावं लागेल.

हिशेब:
कॉन्टॅक्टर, माझ्या खात्यावर: २१० रु.
पॉलिश पेपर, जाळी, स्क्रू: १४ रु.
रिक्षा, बंबासह: २२ रु.
आज दूध अर्धा लिटर जास्त, आणि साखर: ९ रु.
येणे: सोसायटीकडून पंपांचे उरलेले ६०० रु.
देणे: काकांना बंबाची किंमत. आकडा कोरा ठेवलाय. पुढच्या रविवारी तोटी बघून सांगतो म्हणालेत.